कावळा, कावरा, कौआ : अंगणवाडीतल्या दोन भाषांच्या मुलांबद्दल

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" पन्नासेक ठिकाणी कापलेत. मधे एकदा विमान गेल्याचा आवाज आहे, तो लिहिता येत नाही.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी बिरसीचा, तालुका गोंदिया. बीटेक झालं नागपूरला, नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, पण आठवड्यातले बरेच दिवस काम घरूनच. बिरसी म्हटलं की लोक विचारतात, "विमानतळवाली का?" हो जी, तीच. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिशांनी इथं धावपट्टी बांधली. आता तिथं वैमानिकांचं ट्रेनिंग चालतं. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोनं हैदराबादची फ्लाइट सुरू केली तेव्हा अर्धा गाव बघायला गेला होता.

विमानतळाचा विषय उगाच नाही काढला. आमच्या डोक्यावरून जी छोटी ट्रेनिंगची विमानं फिरतात, त्यातल्या शिकाऊ पायलटला रेडिओवर इंग्रजीत बोलावं लागतं. ती त्याची मातृभाषा नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी एक जागतिक पट्टी ठरवलेली आहे, सहा लेव्हलची. त्यात किमान लेव्हल ४ लागते. वीस-बावीस वर्षांचा माणूस, शिकलेला, पैसे भरून आलेला, तरी जगानं मान्य केलंय की याला दुसऱ्या भाषेत काम करायला वेळ लागेल, मदत लागेल, आणि त्याची चाचणी नीट घ्यावी लागेल.

त्याच धावपट्टीच्या कुंपणाजवळून एक तीन वर्षांचं पोरगं अंगणवाडीत जातं. त्याच्या घरी एक भाषा, अंगणवाडीत दुसरी. त्याला मात्र आपण काय म्हणतो? "येईल आपोआप." आणि नाही आली तर म्हणतो, "पोरगं जरा मंद आहे."

आजचा विषय हा आहे.

आधी आमच्याकडचा भाषांचा हिशोब सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं की महाराष्ट्र म्हणजे मराठी आणि गोंदिया म्हणजे थोडी हिंदी मिसळलेली मराठी. तसं नाहीये. आमच्या घरात पोवारी. शेजारच्या आळीत झाडीबोली. गोंदियाच्या बाजारात गेलं की हिंदी. लोधी समाजाच्या घरात लोधी. सालेकसा, देवरीच्या बाजूला गेलात की गोंडी. पलीकडे बालाघाट म्हणजे मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड, तिकडून सून आली की तिच्यासोबत छत्तीसगढी येते. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी की नको यावर राज्यभर रान पेटलं होतं आणि २९ जूनला सरकारनं ते दोन्ही जीआर मागे घेतले, आठवतं ना? टीव्हीवर सगळे मराठी विरुद्ध हिंदी भांडत होते. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा तीन भाषा चालल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं नावही त्या चर्चेत कोणी घेतलं नाही.

पोवारीबद्दल एक गंमत. २०११ च्या जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली आहे, आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास. म्हणजे सरकारी कागदावर माझी माय हिंदी भाषिक. तिला हिंदीत चार वाक्यं बोलायला लावा, ती पदर तोंडाला लावून हसेल. गोंडीचे बोलणारे त्याच जनगणनेत जवळपास तीस लाख, देशभर मिळून. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

आता घरातली गोष्ट. माझी भाची चार वर्षांची आहे. भाऊजींची नोकरी फिरतीची, म्हणून बहीण आणि ती आमच्याकडेच असतात. पोरगी दिवसभर माझ्या मायच्या मागे. त्यामुळे ती पोवारी बोलते, आणि काय बोलते! वासराला दटावते, कोंबडीशी भांडते, "मोला भूक लगी से" म्हणून घर डोक्यावर घेते.

गेल्या वर्षी बहिणीनं तिला एका इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घालायचं ठरवलं. शाळेचं नाव घेत नाही, गरज नाही. तिथं ॲडमिशनच्या वेळी मॅडमनी चित्रांचं पुस्तक उघडलं. आंबा दाखवला, पोरगी म्हणाली "आंबा". गाय दाखवली, "गाय". कावळा दाखवला, ती म्हणाली "कावरा". मॅडम म्हणाल्या, "काय?" पोरगी परत म्हणाली "कावरा", जरा हळू. मग पुढच्या पाच चित्रांना ती काहीच बोलली नाही. मॅडमनी बहिणीला सांगितलं, हिची भाषा कमी आहे, घरी ते गावठी बोलणं बंद करा, नाहीतर हिचा गोंधळ होईल.

बहीण घाबरली. कोणती आई घाबरणार नाही? घरी येऊन तिनं मायला सांगितलं, आजपासून हिच्याशी मराठीतच बोलायचं.

पुढचे दोन महिने घरात काय झालं ते मी जवळून पाहिलं. मायला पुस्तकी मराठी येते. बँकेत बोलते, दवाखान्यात बोलते. पण त्या मराठीत तिला नातीशी काय बोलता येत होतं? "जेव." "झोप." "तिकडे जाऊ नको." "हात धू." बस. कोल्ह्याची गोष्ट त्या मराठीत तिला सांगता येईना. चिडवता येईना. धानाच्या बांधीत बसून ती जे काही बडबडायची, "हा बगळा बघ, हा रोज येतो, याची बायको रुसली आहे," ते सगळं थांबलं. पोरीची मराठी वाढली का? थोडी. पण तिच्याशी बोलणारं घरातलं सगळ्यात मोठं माणूस गप्प झालं, हे कोणत्याच फॉर्मवर कुणी लिहिलं नाही.

मी इंजिनिअर माणूस. माझी सवय अशी की कुणी म्हटलं "यामुळे गोंधळ होतो," तर मी विचारतो, लॉग दाखव. म्हणून वाचायला बसलो.

तर "दोन भाषांनी मूल गोंधळतं" ही समजूत नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले शिक्षणवालेही असंच म्हणायचे. १९६२ साली कॅनडात, माँट्रियलमध्ये, पील आणि लँबर्ट या दोघांनी दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुलं आणि फक्त फ्रेंच येणारी मुलं. दोन भाषांची मुलं चाचण्यांमध्ये मागे नव्हती, पुढे होती. या अभ्यासात पुढे लोकांनी खोट काढली, मुलं निवडण्याच्या पद्धतीवर. दोन भाषांमुळे मेंदू जास्त तेज होतो का, यावर अजून वाद आहे आणि मी त्यात पडत नाही. पण "दोन भाषांमुळे मूल मागे पडतं" हे काही त्यानंतरच्या साठ वर्षांत उभं राहू शकलं नाही. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो, हेही खरं ठरलं नाही.

दुसरा एक प्रयोग मला फार आवडला, कारण त्यात आपला "त" आणि "ट" आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला यातला फरक सहसा कळत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना कळत होता! आणि दहा-बारा महिन्यांची झाली की त्यातल्या बहुतेकांचा तो कान बंद झालेला. म्हणजे मूल पहिल्या वाढदिवसाच्या आतच ठरवायला लागतं की माझ्या घरात कोणते आवाज कामाचे आहेत.

आता हे आमच्याकडे लावून बघा. झाडीबोलीत "ळ" आणि "ण" नाहीत. डोळा नाही, डोरा. पाणी नाही, पानी. दिवाळी नाही, दिवारी. कावळा, कावरा. अंगणवाडीत येणाऱ्या तीन वर्षांच्या पोराचा कान त्याच्या घराच्या आवाजांवर दोन वर्षांपूर्वीच बसलेला आहे. त्याची जीभ जड नाही. तो बिनचूक बोलतोय, फक्त त्याच्या घरच्या व्याकरणानं. कॉलेजात माझाही "ळ" ऐकून पोरं हसायची, आता मीटिंगमध्ये नीट येतो तो. अठराव्या वर्षीही येतो हो "ळ", त्यासाठी चौथ्या वर्षी आजीला गप्प करावं लागत नाही.

इथं मला एक गोष्ट लक्षात आली, ती सांगतो. जवळची बोली आणि लांबची भाषा, या दोन मुलांचं अंगणवाडीत वेगवेगळं नुकसान होतं.

पोवारी किंवा झाडीबोली बोलणारं मूल काय बोलतंय ते ताईला कळतं. म्हणून ती त्याला दुरुस्त करते. "कावरा नाही रे, कावळा." दिवसातून दहा वेळा. हेतू चांगला असतो. पण मुलाला एवढंच कळतं की मी तोंड उघडलं की चुकतं. मग ते तोंड उघडणं कमी करतं.

गोंडी बोलणाऱ्या मुलाचं वेगळं. गोंडी ही द्रविड कुळातली, तेलुगूची नातेवाईक. आकडेच ऐका: उंदी, रंड, मूंद, नालूंग, सैयूंग. तेलुगूत दोन म्हणजे रेंडू, तीन मूडू, चार नालुगू. मराठीशी काही संबंध नाही. पाण्याला येर म्हणणाऱ्या मुलाला "पाणी आणि पानी" असली दुरुस्ती कोणी करत नाही, कारण त्याचं बोलणंच पोचत नाही. ते कोपऱ्यात बसतं. खिचडी खातं. घरी जातं. रजिस्टरवर हजेरी पूर्ण असते. महिनोन् महिने. "शांत आहे, त्रास देत नाही," अशी त्याची तारीफही होते.

नवी भाषा ऐकायला लागलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं, हे अगदी नॉर्मल आहे. त्या काळात ते ऐकत असतं, साठवत असतं. पण ते गप्प राहून शिकतंय की गप्प राहून बाहेर पडतंय, हे कळायला कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावे लागतात. धीर झिंगरन यांचं भाषेच्या अडचणीवरचं पुस्तक २००५ मध्ये आलं. त्यांचा अंदाज असा की देशातल्या प्राथमिक शाळेतली साधारण चौथा हिस्सा मुलं घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असल्यानं अडचणीत असतात. चारातलं एक.

हे सगळं नवीन आहे असं मात्र समजू नका. उलट अंगणवाडी हा शब्दच महाराष्ट्रातून आला, आणि तो आला तोच या प्रश्नातून. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली पण वस्तीवरची मुलं येईनात. मग त्यांनी ठरवलं, मुलं येत नाहीत ना, बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. ती अंगणवाडी. १९५७ ला त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. माँटेसरीचं महागडं साहित्य नव्हतंच परवडत, म्हणून शिंपले, बिया, दगड, पानं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथंच शाळा. मला यातली पद्धत महत्त्वाची वाटते: मूल जिथं आहे तिथून सुरुवात. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, ३३ गटांपासून. तिनं अंगणवाडी हे नाव देशभर नेलं. आज एकट्या महाराष्ट्रात लाखावर अंगणवाड्या आहेत. नाव गेलं, अंगण किती गेलं ते तुम्ही तुमच्या गावात जाऊन बघा.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेत ३५० अ कलम आहे, १९५६ च्या दुरुस्तीनं आलेलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य असेल तिथवर मातृभाषेत. २०२० चं राष्ट्रीय धोरणही म्हणतं, शक्य असेल तिथं. सॉफ्टवेअरमध्ये ज्या रिक्वायरमेंटवर "शक्य असल्यास" लिहिलेलं असतं, ती कोणत्या रिलीजमध्ये जाते हे इथं ऐकणाऱ्या डेव्हलपर लोकांना वेगळं सांगायला नको. शिवाय शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो. अंगणवाडीतलं तीन वर्षांचं पोरगं त्याच्या बाहेरच.

मग करायचं काय? मी काही बालशिक्षणतज्ज्ञ नाही, आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत काय झालं ते सांगतो.

अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियम आहे. मला हा या सगळ्या योजनेतला सगळ्यात भारी भाग वाटतो आणि त्याचा सगळ्यात कमी वापर होतो. कारण आमच्याकडची ताई स्वतः घरी पोवारीच बोलते! तिला गाण्यात, भांडणात, बाजारात पोवारी. पण अंगणवाडीचं दार उघडलं की तिची भाषा बदलते, आवाजसुद्धा बदलतो. मी तिला विचारलं, असं का करता? ती म्हणाली, "शिकवायचं म्हणजे मराठीतच ना भाऊ. नाहीतर लोक म्हणतील, हे तर आम्ही घरीच बोलतो, तुम्ही काय शिकवता?" यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. तिची भीती खोटी नाही. पालक खरंच असं म्हणतात.

मग तिनं एक साधी गोष्ट सुरू केली. चित्र दाखवायचं आणि "हे काय आहे?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" प्रश्न फक्त एवढा बदलला. पहिल्या दिवशी कावळ्याला तीन नावं निघाली: कावळा, कावरा, कौआ. पोरं हसली, पण कोणा एकाला नाही हसली. दुसऱ्या आठवड्यात माझी भाची, तीच जी त्या मॅडमसमोर गप्प झाली होती, दुसऱ्या मुलाला सांगत होती की ताईसमोर कावळा म्हणायचं आणि आजीसमोर कावरा. चार वर्षांची पोरगी. दोन भाषांची ही समज तिला कुणी शिकवली नव्हती.

दुरुस्तीचंही ताईनं बदललं. पोरगं म्हणालं, "कावरा उडला," तर "असं नाही म्हणायचं" हे बंद. त्याऐवजी, "हो का? कावळा उडाला? कुठं गेला?" म्हणजे मराठी रूप त्याच्या कानावर पडतं आणि बोलणं पुढे जातं. त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. यात वेळ जात नाही, साहित्य लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

शुक्रवारी एक आजी किंवा आजोबा येऊन गोष्ट सांगतात, त्यांच्या भाषेत. ताई मग त्याच गोष्टीची चित्रं दाखवून मराठीत पुन्हा सांगते. गोष्ट आधीच कळलेली असते, त्यामुळे मुलं मराठी शब्दाकडे लक्ष देऊ शकतात. कॅनडातले जिम कमिन्स १९७० च्या दशकापासून हेच सांगत आलेत: एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत जाते, ती पुन्हा शून्यापासून शिकावी लागत नाही. "मोठं-लहान", "आधी-नंतर", "म्हणून" हे पोवारीत कळलं असेल तर मराठीत फक्त शब्द बदलायचा. त्यांनीच हेही दाखवलं की गप्पा मारण्याइतकी दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून पोरगं खेळताना फाडफाड मराठी बोलतं आणि तिसरीत गणिताचं उदाहरण वाचून गोंधळतं, तेव्हा ते आळशी नसतं. त्याची पाच वर्षं अजून भरायची असतात.

अर्थात एका अंगणवाडीत पोवारी जमली म्हणून देवरीतल्या एखाद्या पाड्यावर गोंडी जमेल असं नाही. जिथं सेविकेला मुलांची भाषा येत नाही तिथं मदतनीस, एखादी आई, मोठं भावंडं, कुणालातरी बसवावं लागतं. आणि एका ताईकडे तीन ते सहा वयाची पंचवीस-तीस मुलं, वजनं, उंच्या, पोषण ट्रॅकरवर रोजची माहिती, घरभेटी. तिला म्हणायचं की आता तीन भाषाही सांभाळ, हे बोलायला सोपं आहे. तिचं मानधन किती ते तुम्हाला माहीत आहे. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर त्यांना मान्यता नाही म्हणून नोटीस आली आणि कोर्टात जावं लागलं. तिकडे ओडिशानं २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांमधून सरकारी शाळांत पहिलीपासून शिकवायला सुरुवात केली होती. म्हणजे सरकारला जमतं, मनात असेल तर.

एक मुद्दा मुद्दाम वेगळा काढतो, कारण याचा उलटा गैरवापर होऊ शकतो. "दोन भाषांचं मूल आहे, बोलेल हळूहळू" असं म्हणून सगळंच सोडून देऊ नका. मूल दोन वर्षांचं झालं आणि कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा मागून हाक मारली तर वळत नाही, तर दाखवा. कान तपासा. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजा: वीस पोवारी आणि दहा मराठी म्हणजे तीस, दहा नाही. दोन्ही भाषांत अडतंय तर तो भाषांचा प्रश्न नसून तब्येतीचा असू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरपासून सुरू झाला, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, फुकट. ती येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि डॉक्टरला आधी सांगा, घरी आम्ही पोवारी बोलतो. नाहीतर तोही कावळ्याचं चित्र दाखवेल.

आता आमचा प्रांत, फोन. मायची कोल्ह्याची गोष्ट मी रेकॉर्ड केली आणि फोनला म्हटलं, लिहून दे. मराठी निवडलं तर "मोरो"चा "मोर" झाला, हिंदी निवडलं तर "मेरा". फोननंही त्या मॅडमसारखंच केलं, ऐकलं एक आणि लिहिलं त्याला येतं ते. सरकारचं भाषिणी २०२२ मध्ये आलं, चांगलं काम आहे, पण भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर. गोंडीसाठी छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरानं साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी सांगायची सोय केली होती, स्मार्टफोन यायच्या आधी. त्यांच्यासोबत लोकांनी बसून प्रथम बुक्सच्या शेकडो बालगोष्टी गोंडीत आणल्या. प्रथमच्या स्टोरीवीव्हरवर कोणीही गोष्ट आपल्या भाषेत उतरवू शकतं, चित्रं तयार असतात. पोवारी, झाडीबोलीसाठी आपल्यातल्याच कोणीतरी बसायचं आहे. झाडीबोलीसाठी तर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून शब्द गोळा करून ठेवलेत, पाया तयार आहे.

घरातलं काय झालं, ते विचाराल. बहिणीशी माझं दोन वेळा जोरात भांडण झालं. तिचं म्हणणं मी इथं तिच्याच शब्दांत सांगतो, कारण ते खोडता येत नाही: "तू बाहेर जाऊन इंग्रजी शिकलास, पगार घेतोस, म्हणून तुला पोवारीचं प्रेम परवडतं. हिला पाचव्या वर्गात कोणी हसलं तर तू असशील का तिथं?" नसेन. म्हणून मी तिला एवढंच म्हटलं की मराठी, इंग्रजी काहीच कमी करू नको, फक्त मायला बोलू दे. शाळेचा निर्णय अजून झालेला नाही, फॉर्म कपाटात आहे. माय मात्र परत बोलायला लागली. बगळ्याची बायको अजून रुसलेलीच आहे, मी विचारलं.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर एक काम करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो. पंखा बंद करा. त्यांना "गोष्ट सांगा" म्हणू नका, ते लाजतात. समोर लहान पोराला बसवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. दोन-तीन मिनिटांची फाइल पुरे, मोठी असली तर अंगणवाडीच्या ताईच्या फोनमध्ये जागा नसते. फाइलच्या नावात भाषा आणि गाव लिहा. आजीला विचारून मगच पुढे पाठवा. मी पोवारीच्या अकरा जमवल्यात. गोंडी, लोधी, झाडीबोली, छत्तीसगढी कुणाकडे असतील तर कळवा, ज्या अंगणवाडीला हव्या तिथं पोचवायचं काम माझं.

पुढच्या वेळी धान खरेदी केंद्राच्या ऑनलाइन नोंदणीवर बोलू, त्यावर खूप मेसेज आलेत. चला, भेटू.